गिअर टिकला

जेट इंजिनातला पुढचा पंखा आणि मागची टर्बाइन यांचं कधीच पटलं नाही. पंख्याला मोठं व्हायचं असतं आणि सावकाश फिरायचं असतं. टर्बाइनला लहान राहून भन्नाट पळायचं असतं. आणि बसवायचं मात्र दोघांनाही एकाच दांड्यावर. त्यामुळे मोठ्या प्रवासी विमानांची इंजिनं बनवणाऱ्यांनी काही दशकं तडजोडीवरच भागवलं. पंखा हवा त्यापेक्षा जरा लहान आणि जरा जास्त वेगाचा ठेवायचा, टर्बाइन हवी त्यापेक्षा हळू फिरवायची आणि तिची कमतरता चक्रांमागे चक्रं लावून भरून काढायची. इंधन जास्त जातं, आवाज होतो, पण विमान उडतं.

संपादकांनी मला या भांडणाकडे पाठवलं नव्हतं. त्यांना हवी होती सरकारी गोष्ट. अमेरिकेचं नागरी विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, २०१०पासून ‘क्लीन’ नावाची एक योजना चालवतं. कमी इंधन, कमी विषारी वायू आणि कमी आवाज अशा तीन गोष्टींसाठी ते बोइंग, जीई, हनीवेल, रोल्स-रॉइस, प्रॅट अँड व्हिटनी अशा कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देतं. अट अशी की किमान निम्मा खर्च कंपनीनं स्वतःच्या खिशातून करायचा. पहिल्या टप्प्याची उद्दिष्टं आकड्यांत लिहिलेली आहेत: इंधन ३३ टक्क्यांनी कमी, नायट्रोजन ऑक्साइड ६० टक्क्यांनी कमी, आवाज तेव्हाच्या मर्यादेच्या खाली एकूण ३२ डेसिबल. पुढे दुसरा टप्पा झाला, २०२१मध्ये तिसरा सुरू झाला. युरोपात याच सुमारास, २००८पासून, ‘क्लीन स्काय’ हा १६० कोटी युरोंचा कार्यक्रम चालू झाला. त्यातही निम्मे पैसे सरकारी होते, निम्मे उद्योगाचे. ही माहिती कुठल्याही अहवालात मिळते आणि कुठल्याही अहवालाइतकीच रुक्ष आहे. मी अडकलो तो त्या अहवालांच्या मधोमध बसलेल्या एका गिअरपेटीत.

ती असते प्रॅट अँड व्हिटनीच्या ‘गिअर्ड टर्बोफॅन’ इंजिनात, म्हणजे जीटीएफमध्ये. एअरबस ए३२० निओ या विमानांपैकी अनेकांना ही इंजिनं असतात. इंडिगोच्या विमानातून अलीकडच्या काळात प्रवास केला असेल, तर पंखाखालचं ते तब्बल ८१ इंच व्यासाच्या पंख्याचं तोंड आपण खिडकीतून पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

गिअर कशासाठी हवा, हे समजायला १९५२ सालात जावं लागतं. ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी तेव्हा दाखवून दिलं की झोताचा आवाज त्याच्या वेगाच्या आठव्या घातानं वाढतो. दुसरा नाही, तिसरा नाही, आठवा! झोताचा वेग दुप्पट केला तर ध्वनीची शक्ती २५६ पट होते. उलट तोच वेग फक्त दहा टक्क्यांनी कमी केला, तर ती निम्म्याहूनही खाली येते. म्हणजे शांत इंजिन हवं असेल तर थोडी हवा जोरात फेकण्याऐवजी पुष्कळ हवा हळू फेकायची. इंधनाचं गणितही हेच सांगतं. पुष्कळ हवा म्हणजे मोठा पंखा. मोठा पंखा म्हणजे सावकाश पंखा, कारण पात्याचं टोक आवाजाच्या वेगाच्या फार पुढे गेलं की ते स्वतःच करवतीसारखं किंचाळू लागतं. जीटीएफची टर्बाइन मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्या घेते. तेवढ्याच फेऱ्यांनी तो ८१ इंची पंखा फिरवला, तर पात्याचं टोक सेकंदाला एक किलोमीटरहून जास्त अंतर कापेल. ते आवाजाच्या वेगाच्या तिप्पट होतं. अशा इंजिनात शांतता तर सोडाच, पातीही शाबूत राहणार नाहीत.

उन्हाळ्यात रसवंतीगृहात मोटर भिरभिरत असते आणि उसाचे रूळ मात्र निवांत फिरत असतात. मधल्या चाकांनी वेग खाऊन जोर दिलेला असतो. जीटीएफमध्ये नेमकं हेच केलं आहे. टर्बाइनचा दांडा एका मधल्या चाकाला फिरवतो. त्याभोवती पाच चाकं जागच्या जागी फिरतात. त्यांच्याबाहेरचं दातेरी कडं पंख्याला जोडलेलं असतं. १०,००० फेऱ्या आत जातात आणि ३,३००च्या आसपास बाहेर पडतात, त्याही उलट्या दिशेनं. पंखा आणि टर्बाइन आपापल्या मनासारखे फिरतात. याचा फायदा दोन्ही टोकांना दिसतो. प्रतिस्पर्धी लीप इंजिनात पंखा आणि टर्बाइन एकाच वेगानं फिरतात, म्हणून तिथं मागे टर्बाइनची सात चक्रं लावावी लागली. जीटीएफमध्ये ती तीन आहेत.

कल्पना एवढी सोपी, मग पूर्वीच का केली नाही? केली होती. १९७०च्या दशकात गॅरेट कंपनीचं छोट्या बिझनेस जेटचं इंजिन गिअरवरच चालायचं. पण ते साडेतीन हजार पौंड जोराचं. ए३२० निओला लागतो सुमारे सत्तावीस हजार पौंडांचा. या गिअरपेटीतून सुमारे ३०,००० अश्वशक्ती जाते. पेटीची कार्यक्षमता ९९ टक्क्यांहून जास्त आहे. वाचायला छानच वाटतं. पण वाया जाणारा भाग अर्धा टक्का धरला, तरी दीडशे अश्वशक्तीची उष्णता त्या एवढ्याशा जागेत सतत तयार होते आणि ती तेलानंच वाहून न्यायची असते. शिवाय विमान वळतं, उतरताना आपटतं, तेव्हा इंजिनाचं कवच किंचित वाकतं. चाकांचे दात एकमेकांवर तिरके बसले, तर त्यांचा चुरा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पेटी घट्ट न आवळता लवचीक आधारावर बसवली आहे. कवच वाकलं तरी दातांची जुळणी सुटत नाही. मधली पाच चाकं छर्‍यांच्या बेअरिंगवर नाहीत. ती तेलाच्या पातळ थरावर तरंगतात. इंजिन बंद आणि विमान धावपट्टीच्या कडेला उभं असलं, तरी वाऱ्यानं पंखा फिरतो. तेव्हाही तो थर तुटता कामा नये. ही सगळी गुंतागुंत वाचताना, खरं सांगतो, त्या इंजिनीअरांविषयीचा माझा आदर वाढत गेला.

कंपनीच्याच सांगण्यानुसार यात वीस वर्षांहून जास्त काळ आणि सुमारे एक हजार कोटी डॉलर गेले. पण सगळं खासगी पैशातून झालं, हा समज चूक आहे. नव्वदच्या दशकात नासानं आवाज कमी करण्याचा मोठा कार्यक्रम चालवला. सावकाश फिरणाऱ्या मोठ्या पंख्यांच्या चाचण्या नासाच्या वाऱ्याच्या बोगद्यांत होत राहिल्या. क्लीव्हलंडमधल्या नासा ग्लेन केंद्रातला नऊ फूट बाय पंधरा फुटांचा बोगदा खास या कामाचा. त्यात २२ इंचांचा छोटा पंखा बसवायचा, समोरून वारा सोडायचा आणि कडेनं मायक्रोफोन फिरवत प्रत्येक कोनातला आवाज टिपायचा. पात्याला थोडा बाक दिला, मागच्या स्थिर पात्यांची संख्या बदलली, की पुन्हा मोजायचं. अशा कामाला भागधारक पैसे देत नाहीत. निकाल यायला दशक लागतं आणि तोवर कंपनीचे तीन प्रमुख बदललेले असतात. वेगवान टर्बाइनचं काम म्युनिकच्या एमटीयू कंपनीनं केलं, त्यामागे युरोपच्या संशोधन निधीचा हात होता. २००८मध्ये प्रात्यक्षिक इंजिन आधी प्रॅटच्या स्वतःच्या बोइंग ७४७ला आणि मग एअरबस ए३४०ला टांगून उडवलं. जानेवारी २०१६मध्ये लुफ्थान्सानं पहिलं ए३२० निओ सेवेत आणलं.

कंपनी म्हणते इंधन १६ टक्के कमी, आणि आवाजाचा जमिनीवरचा ठसा ७५ टक्के लहान. हा दुसरा आकडा जपून वाचावा. आवाज पाऊणपट कमी झाला, असा त्याचा अर्थ नाही. ठरावीक पातळीच्या वरचा आवाज ज्या क्षेत्रावर पडतो ते क्षेत्र आक्रसलं, एवढाच आहे. पण मुंबईत कुर्ला, कलिना, घाटकोपरच्या ज्या इमारतींवरून विमानं उतरण्यासाठी खाली येतात, तिथल्या माणसाला हा फरक लहान नाही. विमानतळाभोवती शहर दाटलेलं असलं की क्षेत्र आक्रसणं म्हणजे हजारो खिडक्या त्या ठशातून बाहेर पडणं.

इथवरची गोष्ट कौतुकाची आहे.

इंजिन सेवेत येण्याआधीच कटकटी सुरू झाल्या. गरम इंजिन बंद केलं की आतला दांडा वरून आणि खालून सारखा थंड होत नाही, म्हणून किंचित वाकतो. तो सरळ होईपर्यंत थांबल्याशिवाय इंजिन सुरू करता येईना. कतार एअरवेजनं २०१५च्या अखेरीस पहिलं विमान घ्यायलाच नकार दिला. २०१८च्या फेब्रुवारीत काँप्रेसरच्या मागच्या भागातल्या एका सीलनं घोळ घातला. मार्चमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, इंडिगोची आठ आणि गोएअरची तीन विमानं जमिनीवर बसवली. २०१९मध्ये टर्बाइनच्या पात्यांचं प्रकरण झालं आणि इंडिगोला ९७ विमानांची इंजिनं बदलण्याची मुदत मिळाली. प्रत्येक वेळी नवा भाग, नवा खुलासा, नवी दुरुस्ती.

आणि जुलै २०२३मध्ये सगळ्यांत मोठा दणका बसला. २०१५च्या अखेरीपासून २०२१पर्यंत बनलेल्या, टर्बाइन आणि काँप्रेसरमधल्या काही चकत्यांच्या धातूच्या पुडीत अशुद्ध कण होते. या चकत्या निकेलच्या मिश्रधातूची बारीक पूड दाबून, घडवून बनवतात. कण डोळ्यांना न दिसणारे, पण त्यातून चीर सुरू होऊ शकते, आणि मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारी चकती चिरली तर तिला कुठलंच कवच अडवत नाही. सहाशे ते सातशे जादा इंजिनं विमानांवरून उतरवावी लागतील आणि एकेक इंजिन दुरुस्तीत अडीचशे ते तीनशे दिवस अडकेल, असं मूळ कंपनी आरटीएक्सनं सप्टेंबरमध्ये जाहीर केलं.

मुंबईच्या वाडिया समूहाची गो फर्स्ट, म्हणजे पूर्वीची गोएअर, त्याआधीच कोसळली होती. २ मे २०२३ला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. निम्मी निओ विमानं, म्हणजे २५, इंजिनाअभावी उभी असल्याचं तिनं सांगितलं आणि दोष प्रॅटवर ठेवला. गो फर्स्टला पैसे थकवण्याची जुनी सवय आहे, असं प्रॅटनं उत्तर दिलं. सतरा वर्षांहून जास्त चाललेली कंपनी पुन्हा उडाली नाही. जानेवारी २०२५मध्ये तिच्या मालमत्तेच्या विक्रीचा आदेश निघाला. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले ते थकलेच.

या सगळ्या यादीत एक नाव शोधून सापडत नाही. गिअरपेटीचं. वीस वर्षं प्रतिस्पर्ध्यांनी जिच्यावर बोट ठेवलं, ग्राहकांनी जिच्याविषयी पुन्हा पुन्हा विचारलं, ती पेटी मुकाट्यानं चालत राहिली. बिघडले ते सील, पाती आणि चकत्या, म्हणजे जे भाग सगळ्यांना ओळखीचे वाटत होते ते. सगळं लक्ष एका अवघड भागावर खिळलं की सोप्या भागांकडे कोण बघतं, असं मला वाटतं. पण माझा रोख मुख्यतः सरकारी कागदांवर आहे. ‘क्लीन’च्या उद्दिष्टांत इंधन आहे, नायट्रोजन ऑक्साइड आहे, डेसिबल आहेत. इंजिन विमानावर किती तास टिकलं पाहिजे, धुळीच्या आणि उकाड्याच्या हवेत ते किती लवकर झिजतं, याचा रकाना नाही. बोगद्यातल्या वाऱ्यात धूळ नसते. दिल्ली-मुंबईच्या हवेत ती असते, आणि इथं इंजिनं लवकर उतरवावी लागतात.

इंजिनं उतरली की हिशेब उलटा लागतो. इंडिगोची सत्तरच्या वर विमानं उभी राहिली, तेव्हा तिनं जुन्या पिढीच्या ए३२०च्या भाडेकरारांची मुदत वाढवली आणि तुर्कस्तानच्या कंपनीकडून बोइंग ७३७ भाड्यानं आणली. अहवालात वाचवलेलं इंधन अशा उड्डाणांत परत जळतं, आणि कुर्ल्याच्या छतांवर तो जुना आवाज परत येतो. क्लीव्हलंडच्या बोगद्यात मोजलेल्या डेसिबलांतून हे कुणी वजा करत नाही.

गिअर मात्र जिंकला आहे. रोल्स-रॉइसच्या ‘अल्ट्राफॅन’च्या गिअरपेटीनं चाचणीत ६४ मेगावॅट पेललं, आणि २०२३मध्ये डर्बीत ते संपूर्ण इंजिन पहिल्यांदा चाललं. तिथेही ब्रिटिश, जर्मन आणि युरोपीय सरकारी पैसा आहे. प्रॅटच्या सुधारित इंजिनाला, ‘जीटीएफ अॅडव्हान्टेज’ला, फेब्रुवारी २०२५मध्ये एफएएचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात जोर वाढवण्याबरोबर टिकाऊपणावर भर आहे. दरम्यान सध्याची इंजिनं दुरुस्तीच्या रांगेत उभी आहेत आणि चालत्या इंजिनाचा भाव चढलेला आहे. इतका, की २०२५मध्ये जेमतेम सहा-सात वर्षं वयाची काही निओ विमानं सुटी करून मोडीत काढली गेली. दोन इंजिनं भाड्यानं देऊन मिळणारा पैसा अख्ख्या विमानाच्या कमाईपेक्षा जास्त भरत होता.