भारत सरकार प्रायव्हेट लिमिटेड?!

रविवारी पहाटे पुण्यातून निघायचं, भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायचे, दुपारी झणझणीत चिलापी हाणायची आणि संध्याकाळी परत. एकदम फिट प्लॅन! पण आमचे मामा इंदापूर तालुक्यातले. त्यांच्याकडे चहाला न जाता परत फिरलं तर घरी महाभारत. मग काय, गेले. चहा यायच्या आधीच मामांनी मोबाइल पुढे केला.

"हे वाच. आपलं सरकार सरकार न्हाईच म्हणं! अमेरिकेत कंपनी म्हणून रजिस्टर हाय."

फॉरवर्ड लांबलचक होता. जगातली सगळी सरकारं न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत, आपण त्यांचे नुसते कस्टमर, वगैरे वगैरे. मामांचा पुढचा प्रश्न तयारच होता. "कंपनीच असंल तर सोसायटीचं कर्ज फेडायचं कशापायी?"

आतून मामी म्हणाल्या, "ऊस तोडायला बी अमेरिकेतनंच माणसं येणारेत का, इचार त्यास्नी."

आम्ही हसलो. पण मामा अर्धे सीरियस होते. आणि गंमत इथेच संपते बरं का! तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शेतकऱ्याला व्याज शून्य टक्के पडतं. मुदत चुकली की सवलत गेली, वर थकबाकीदार म्हणून नाव. एका फॉरवर्डपायी एवढा फटका?

परत आल्यावर मी नेटवर बसले. आणि बॉस, धक्का बसला. कारण यादी खरी आहे!

अमेरिकेत सेक नावाची संस्था आहे, आपल्या सेबीसारखी. तिच्या वेबसाइटवर मेक्सिको, इस्रायल, इटली, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी चक्क देशांची नावं सापडतात. पुढे नंबर, काहींचा पत्ता वॉशिंग्टनमधला. आणि शोधायच्या खिडकीवर लिहिलेलं असतं 'कंपनी'. झालं! स्क्रीनशॉट काढला, लाल गोल मारला, फॉरवर्ड तयार.

आता फंडा समजून घ्या. १९२० च्या दशकात लॅटिन अमेरिकेतल्या सरकारांनी अमेरिकेतल्या सामान्य लोकांना भरमसाट रोखे विकले. मंदी आली, हप्ते थांबले, लोक बुडाले. म्हणून १९३३ च्या कायद्याने सांगितलं, परदेशी सरकार असलात तरी आमच्या लोकांकडून पैसे घेण्याआधी कागद दाखवा. कशासाठी हवेत, कर्ज किती आहे, तीन वर्षांचा जमाखर्च काय, गेल्या वीस वर्षांत कुणाचं बुडवलंय का. थोडक्यात, बँकेत लोनसाठी जाताना आपण सॅलरी स्लिप नेतो, तसंच. सगळ्यांसाठी एकच सॉफ्टवेअर, म्हणून सगळेच 'कंपनी'. सरकारांचा वेगळा कोडसुद्धा आहे, ८८८८. तो मात्र फॉरवर्डमध्ये कधीच नसतो!

गावातल्या ग्रामपंचायतीलाही टीडीएस कापायला टॅन नंबर लागतो. म्हणून सरपंच काही सीईओ होत नाहीत.

बरं, भारताचं काय? इथे तर सगळा फुगाच फुटतो. स्वतंत्र भारताच्या केंद्र सरकारने आजवर डॉलरमधले स्वतःचे रोखे परदेशी बाजारात विकलेलेच नाहीत. जुलै २०१९ च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी तशी घोषणा केली होती. रघुराम राजन यांच्यापासून स्वदेशी जागरण मंचापर्यंत सगळ्यांनी नाकं मुरडली आणि विषय बारगळला. पोखरणनंतर १९९८ मध्ये एनआरआय मंडळींकडून ४.२ अब्ज डॉलर गोळा झाले, ते स्टेट बँकेच्या रिसर्जंट इंडिया बाँड्समधून. त्यांचीही सेककडे नोंदणी नव्हती. राज्यांना तर घटनेच्या कलम २९३ नुसार देशाबाहेर कर्ज काढताच येत नाही. कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झालं, त्याने धरणं-कालव्यांसाठी राज्याच्या हमीवर रोखे काढले, पण तेही इथल्याच बाजारात.

तरीही हे वेड जगभर आहे. जर्मनीत 'राइशब्युर्गर' म्हणतात आमचा देश म्हणजे एक प्रायव्हेट लिमिटेड. का? तर सरकारी कर्ज सांभाळायला २००० साली काढलेल्या संस्थेच्या नावात तसे शब्द आहेत! डिसेंबर २०२२ मध्ये याच गोटातल्या मंडळींना सत्तापालटाच्या कटाच्या आरोपाखाली अटक झाली. आपल्याकडेही भारत ९९ वर्षांच्या लीजवर असल्याचं २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातली एक राजकीय कार्यकर्ती कॅमेऱ्यासमोर छातीठोकपणे सांगत होती. गुजरातच्या तापी जिल्ह्यातून पसरलेला 'एसी भारत सरकार' पंथ तर मतदार ओळखपत्र आणि आधारच नाकारतो. पण त्या आदिवासींच्या मागे जमिनीचं जुनं दुखणं आहे, त्यांना एसीत बसून हसणं मला तरी जमत नाही.

रात्री मामांना फोन लावला. ऑफिसमधल्या मित्राला समजावताना मला अर्धा तास लागला होता. मामा छत्रपती कारखान्याचे सभासद, त्यांना दोन मिनिटं पुरली.

"मामा, तुम्ही कारखान्याचे शेअर घेतलेत, म्हणून तुम्हाला मत आहे. पण पतसंस्थेत एफडी ठेवली, तर संस्था तुमची होते का?"

"न्हाई. याज मिळतं."

"रोखे म्हणजे ती एफडी. अमेरिकेतल्या माणसाने इटलीचे रोखे घेतले, तर त्याला व्याज मिळतं. इटली मिळत नाही."

पलीकडे शांतता. मग मामा जरा हिरमुसलेच. "म्हंजी त्या यादीत आपलं नावच न्हाई?"

"नाही."

"पर इटलीचं हाय म्हंतीस?"

"आहे ना."

"मग हे शेजारच्या पोराला पाठवतो. त्यो बारामतीला पियाजिओत हाय, इटलीचीच कंपनी न्हवं का ती!"