घराचें जोतें आणि पुराचा विमा

आपल्यापैकीं पुष्कळांचे मुलगे-मुली अमेरिकेंत नोकरीस आहेत व तेथें घर घेण्याच्या विचारांत असतात. "घर नदीपासून लांब आहे ना?" इतकें पत्रानें विचारून आपण येथें निश्चिंत होतों. परंतु विचारावयाचें तें निराळेंच. पुराचें पाणी जेथवर चढेल असें मोजणीनें ठरलें आहे, त्याहून त्या घराचें जोतें किती उंच आहे?

तेथील नेहमींच्या गृहविम्यांत पुराचें नुकसान धरलेलें नसतें. त्यासाठीं १९६८ सालच्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारनें निराळी पूरविमा योजना सुरू केली व पूरप्रदेशांचे नकाशे केले. ज्या पातळीस पाणी पोंचण्याचा संभव दर वर्षीं शेंकडा १ आहे, ती या नकाशांची मुख्य खूण. लोक तिला 'शंभर वर्षांचा पूर' म्हणतात, आणि या नांवानेंच फसतात. असा पूर लागोपाठ दोन वर्षें येऊं शकतो! घराचें कर्ज ३० वर्षांचें असेल, तर तेवढ्या मुदतींत एकदां तरी पाणी तेथवर येण्याचा संभव हिशेबानें शेंकडा २६ निघतो.

पूर्वीं अशा प्रदेशांतील नव्या घरांचा हप्ता मुख्यतः या पातळीच्या वर अगर खालीं किती फूट, यावर ठरे. २०२१ पासून पाण्याचें अंतर व घर पुनः बांधण्याचा खर्च हींही पाहतात; तथापि जोतें उंच असल्यास हप्ता उतरतो, हें कायम आहे. म्हणूनच २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर अनेकांनीं उभीं घरें जॅकनें उचलून उंच पायावर बसविलीं. खालच्या भिंतींस मुद्दाम झरोके ठेवितात. पाणी आरपार गेलें म्हणजे भिंतीवर दाब येत नाहीं.

उलट, विकणारा कौतुकानें दाखवितो त्या सजविलेल्या तळघरापासून सावध राहावें. पाणी प्रथम तेथेंच शिरतें, आणि तेथील गालिचे व सामानसुमान यांची भरपाई ही योजना देत नाहीं. मला तर त्या तळघराचें आकर्षण कधींच समजलें नाहीं.

सहीपूर्वीं सर्व्हेअरनें दिलेला उंचीचा दाखला मागून घ्यावा. पूर्वीं घरांत पाणी आलें होतें काय, हेंही विचारावें. न्यू जर्सींत २०२४ पासून ही माहिती लेखी देणें विकणाऱ्यावर कायद्यानें बंधनकारक आहे.