घणसोलीच्या हवेत एस्किल्स्टूनाचे पोलाद

ठाण्याच्या खाडीची हवा पोलादाला मानवत नाही. घणसोली गावात पावसाळ्यात कपाटातली साधी सुरीही तांबूस पडते, मग शंभर वर्षांच्या वस्तऱ्याची काय कथा! इथे जुने वस्तरे जमवायचे तर आधी गंज ओळखायला शिकावे लागते. वरवरचा तांबडा गंज शिलाई मशीनच्या तेलाने आणि मऊ फडक्याने निघतो. काळे खड्डे मात्र पोलादात उतरलेले असतात. ते पात्याच्या पोटावर असले तर बिघडत नाही; धारेपाशी असले तर तो वस्तरा फक्त जपून ठेवायचा.

मला ओढ आहे ती स्वीडनमधल्या एस्किल्स्टूनाच्या वस्तऱ्यांची. सतराव्या शतकात, १६५० च्या दशकात, राजा दहावा कार्ल गुस्ताव याच्या आश्रयाने राइनहोल्ड रॅडमाखरने तिथे लोहारांची वसाहत उभारली. तिच्यातली काही घरे आजही शाबूत आहेत. पुढे हेल्येस्ट्रांड, एंगस्ट्रॉम, डालग्रेन अशी नावे वस्तऱ्यांवर उमटू लागली. एरिक अँटन बर्गच्या मालावर शार्क माशाचा छाप असे. या पोलादाचे मूळ खाणीत आहे. डानेमोराच्या खनिजात गंधक आणि फॉस्फरस फार कमी, आणि ते वितळवायचे लाकडी कोळशावर. इंग्लंडमधले शेफील्डचे कारखानदारसुद्धा उत्तम पोलादासाठी हेच स्वीडिश लोखंड मागवत.

वस्तरा हातात आला की आधी पात्याच्या मानेवरचा छाप वाचावा. कारागिराचे नाव आणि गाव तिथेच कोरलेले असते. झिलईच्या हौसेने यंत्रावर घासलेल्या वस्तऱ्याचा हा छाप पुसट होतो, आणि पाते जास्त तापले तर पोलादाचे पाणीही उतरते. म्हणून मी वॉटर पेपर हातानेच फिरवतो, तोही पाण्यात भिजवून, आणि छापाच्या जागेला हात लावत नाही. धार काढताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली हवीत, कारण धारेचा कोन पाठीची जाडीच ठरवते. आधी हजार नंबरचा दगड, शेवटी आठ हजारचा. मग चामड्याचा पट्टा: पाठ पुढे, धार मागे, आणि परतताना पाते पाठीवरच उलटायचे. धारेवर उलटले की पट्टा कापला गेलाच म्हणून समजा.

मुठीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक मुठी सेल्युलॉइडच्या आहेत. ते कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो आणि मूठच पात्याला खाऊ लागते. अशी मूठ ताबडतोब वेगळी काढावी. हस्तिदंती मुठीच्या नादी तर लागूच नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे.

स्वीडनच्या वस्तऱ्यावर करणाऱ्याचे नाव असते. आपल्याकडे तो चालवणाऱ्याचे नावही उरत नाही, याची मला खंत वाटते. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, दगड आणि वाटी एवढा संसार असे. त्या वस्तऱ्याने इतिहासही घडवला आहे. ठाण्यात १८४८ साली जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतले न्हावी एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले. घरोघरच्या रोजीवर पाणी सोडून घेतलेला तो निर्णय होता. लोखंडे यांना आपण गिरणी कामगारांचे नेते म्हणून ओळखतो. त्या न्हाव्यांपैकी कोणाचे नाव ठाऊक आहे?

वस्तऱ्याचा धंदा दोनदा बसला. जिलेटचा सेफ्टी रेझर १९०३ साली बाजारात आला आणि माणूस घरच्या घरी दाढी करू लागला. पुढे ठाण्यातच सुपरमॅक्सची ब्लेडे बनू लागली. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि एकाच पात्याने अनेकांची दाढी करण्याची धास्ती बसली. तेव्हापासून सलूनमध्ये अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा रूढ होत गेला. ते योग्यच झाले. जुना वस्तरा आज एकानेच, स्वतःपुरता वापरावा.

पण म्हणून तो फेकावा असे नाही. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या वेळेवर गोळा केल्या म्हणून पुण्याच्या संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. चोरबाजारात परदेशी वस्तरा मिळतो, त्याला गिऱ्हाईकही असते. आपल्या न्हाव्याची धोकटी मात्र घर पाडून इमारत बांधताना पत्र्याच्या ट्रंकेसकट भंगारात जाते. गावठाणांत हे रोज चालले आहे. नाभिक घरांतल्या वाचकांना माझी विनंती आहे: आजोबांचा वस्तरा सापडला तर घासू नका, विकू नका. तेलाचा हात फिरवून कोरड्या सुती फडक्यात ठेवा आणि सोबत चिठ्ठीवर तो कोणाचा, कोणत्या गावचा आणि कधीपर्यंत चालला, एवढे लिहून ठेवा.