विमानातले ट्रे-टेबल, समोरचा मोबाइल आणि तुमची मान

लांबच्या विमानप्रवासानंतर मान आखडणे, खांदे भरून येणे किंवा हाताला मुंग्या येणे या तक्रारी नेहमी ऐकायला मिळतात. बहुतेकांना वाटते की एसीची हवा लागली किंवा झोप अवघडली. पण खरे कारण पुष्कळदा डोळ्यांसमोरच असते. पुढच्या सीटच्या पाठीला लावलेले घडीचे छोटे टेबल, त्यावर आडवा ठेवलेला मोबाइल किंवा टॅबलेट, आणि त्यात पाहण्यासाठी दोन-तीन तास खाली वाकवलेली मान.

आपल्या भंडारा जिल्ह्यातही विमानप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूरकडची मुले पुणे-बंगळुरूला किंवा परदेशात नोकरीला आहेत, आणि आई-वडील त्यांच्याकडे जाण्यासाठी नागपूरहून विमान पकडतात. यातल्या अनेकांना आधीच मानेच्या मणक्यांची झीज, मधुमेह किंवा रक्तदाब असतो. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

टेबल नेमके कशासाठी बनवलेले असते?

विमानातले ट्रे-टेबल हे मुळात जेवणासाठी आहे. जेवताना ताट कोपराच्या उंचीला असावे लागते, म्हणून टेबलही मांडीच्या थोडे वर येते. ढोबळ हिशेब करा. बसलेल्या माणसाचे डोळे सीटपासून साधारण ७० सेंटीमीटर उंच असतात, तर टेबल सीटपासून साधारण २५ सेंटीमीटरवर असते. म्हणजे टेबलावर ठेवलेला मोबाइल डोळ्यांच्या जवळपास दीड फूट खाली राहतो.

घरी आपण खुर्ची मागे सरकवतो, टेबल पुढे ओढतो. विमानात तशी मोकळीक नसते. इकॉनॉमी वर्गात एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचे अंतर बहुधा २८ ते ३१ इंच असते. त्यातच पुढच्याने सीट मागे टेकवली की लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण उघडतही नाही. मग आपण खांदे पुढे ओढतो, पाठीला पोक काढतो आणि हनुवटी छातीकडे नेतो.

मानेवर किती भार येतो?

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते. डोके सरळ असताना हे वजन मणक्यांवर नीट तोलले जाते. डोके पुढे झुकले की मागचे स्नायू आणि बंध यांना ते सतत ओढून धरावे लागते. अमेरिकेतील पाठीच्या मणक्यांचे शल्यचिकित्सक डॉ. केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर याचे गणित मांडले. त्यानुसार मान १५ अंश वाकली की मानेवर सुमारे १२ किलोचा भार येतो, ३० अंशांना १८ किलो, ४५ अंशांना २२ किलो आणि ६० अंशांना २७ किलो. आपल्या भाषेत सांगायचे तर तांदळाचा २५ किलोचा कट्टा मानेवर घेऊन बसल्यासारखे.

हे आकडे गणितातून आलेले आहेत, जिवंत माणसावर मोजलेले नाहीत. मान वाकवणाऱ्या प्रत्येकाला दुखणे होते असेही नाही. निरोगी मान थोडा वेळ वाकली तर काही बिघडत नाही. त्रास होतो तो एकाच अवस्थेत तासन्‌तास राहिल्याने. ज्यांच्या मानेच्या मणक्यांत आधीच झीज आहे, त्यांच्यात नसेवर दाब येऊन खांद्यापासून बोटांपर्यंत कळ किंवा मुंग्या येऊ शकतात.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे. मान स्क्रीनकडे नेऊ नका, स्क्रीन डोळ्यांकडे आणा.

मोबाइल धरणारे टेबल कसे असावे?

विमानाच्या सीट बनवणाऱ्या कंपन्यांनाही ही अडचण समजली आहे. पूर्वी अनेक विमानांत सीटमागे विमान कंपनीचाच स्क्रीन असे. आता बहुतेक प्रवासी स्वतःचा मोबाइल किंवा टॅबलेट वापरतात. त्यामुळे एअर इंडिया, इंडिगो यांसारख्या कंपन्यांच्या काही नव्या सीटवर उपकरण टेकवण्याची सोय दिसू लागली आहे. या सोयीचे साधारण तीन प्रकार आहेत.

१. टेबलावरची खाच: टेबलाच्या कडेला लांबट खाच असते आणि त्यात टॅबलेट उभा राहतो. तो निसटत नाही, हात मोकळे राहतात. पण स्क्रीन टेबलाच्याच उंचीवर असल्याने मान थोडी तरी वाकतेच.

२. मिटलेल्या टेबलाच्या बाहेरील बाजूस कप्पा: टेबल बंद असतानाही मोबाइल समोर उभा राहतो. स्क्रीन वर येतो आणि मांडीवरची जागा मोकळी होते.

३. सीटच्या पाठीवर वरच्या बाजूस वेगळा धारक: हा डोळ्यांच्या सर्वात जवळ असतो. जेवण टेबलावर आणि स्क्रीन वर, अशी दोन्ही कामे वेगळी होतात.

आरोग्याच्या दृष्टीने दुसरा आणि तिसरा प्रकार चांगला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर साधारण हातभर, अशी रचना मानेला सोसते.

मग सगळीकडे असा उंच धारक का नाही, असे तुम्हाला वाटेल. त्यामागे सुरक्षेचे कारण आहे. नव्या प्रवासी विमानांच्या सीटची चाचणी गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का देऊन केली जाते, आणि पुढच्या सीटवर डोके आदळले तर किती इजा होईल तेही मोजले जाते. डोके आदळते त्याच जागी टोकदार किंवा सहज तुटणारी वस्तू चालत नाही. म्हणून धारक पाठीत बसणारा, कडा गोल असलेला आणि मिटवता येणारा लागतो. बाजारातून आणलेला क्लॅम्प तुम्ही सीटला लावत असाल, तर उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तो काढून ठेवा. त्या वेळी टेबल मिटवायला सांगतात तेही याचसाठी, आणि संकटात पटकन बाहेर पडता यावे म्हणूनही.

चष्मा दुहेरी नंबरचा असेल तर

चाळिशीनंतर अनेकांना बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लागतो. त्यात जवळचे पाहण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. स्क्रीन डोळ्यांसमोर अगदी उंच असेल, तर त्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागते. मणक्यांची झीज असलेल्यांना मान मागे टाकणे हे पुढे वाकवण्याइतकेच, काही वेळा त्याहूनही जास्त त्रासाचे ठरते.

तुमचा चष्मा असा असेल तर स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा पाच-सहा बोटे खाली ठेवा. वारंवार प्रवास होत असेल तर हातभर अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्या.

उघडे टेबल तुम्हाला जागेवर अडकवते

मानेइतकाच महत्त्वाचा प्रश्न पायांचा आहे. टेबल उघडे, त्यावर टॅबलेट, बाजूला चहाचा कप, चार्जरची वायर. अशा वेळी उठायचे म्हणजे सगळे आवरावे लागते, म्हणून माणूस उठायचेच टाळतो. लघवी लागू नये म्हणून पाणीही कमी पितो.

पाय लोंबते ठेवून तासन्‌तास हलले नाही की पोटरीच्या शिरांत रक्त साकळण्याची शक्यता वाढते. पायाच्या खोल शिरेत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही थोडाच आहे, सुमारे ६,००० प्रवाशांत एकाला. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही करू नये. हा धोका फक्त विमानात नसतो, बस, कार आणि रेल्वेतही असतो. अजनी-पुणे वंदे भारतमध्येही सीटमागे असेच टेबल आहे, आणि तो प्रवास सुमारे १२ तासांचा आहे.

पुढील व्यक्तींनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.

• पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेले
• नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेले किंवा पायाला प्लास्टर असलेले
• कर्करोगाचे उपचार सुरू असलेले
• गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया
• गर्भनिरोधक किंवा इतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया
• खूप वजन असलेले

उंची १६० सेंटीमीटरपेक्षा कमी असलेल्यांनाही त्याच अहवालात जास्त धोका दिसला आहे. आपल्याकडच्या अनेक महिला या उंचीत येतात. पाय जमिनीला नीट टेकत नसतील तर सीटची कड गुडघ्यामागे दाबते. अशा वेळी पायाखाली छोटी बॅग ठेवा, म्हणजे दाब कमी होतो. मात्र उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ती बॅग पुढच्या सीटखाली सरकवा.

कोणाच्या सांगण्यावरून प्रवासापुरती ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेऊ नका. दाबाचे मोजेही विचारूनच घाला. पायाच्या धमन्यांचा आजार असेल तर ते अपाय करू शकतात.

प्रवासात काय करावे?

• सीटवर धारक असेल तर तो वापरा. आधी मोबाइल घट्ट बसतो का ते पाहा.
• धारक नसेल तर टेबलावर हँडबॅग किंवा घडी केलेली शाल ठेवून त्यावर मोबाइल उभा करा. किंवा दुपट्ट्याची गुंडाळी मांडीवर ठेवून तिच्यावर कोपरे टेकवा आणि मोबाइल छातीच्या उंचीला धरा.
• कमरेच्या मागे छोटी उशी किंवा स्वेटरची घडी ठेवा. कंबर सरळ राहिली की मानही कमी झुकते.
• दर अर्ध्या तासाला स्क्रीन बाजूला ठेवा. हनुवटी सरळ मागे ओढून पाच मोजा, असे पाच वेळा करा. खांदे वर उचलून सैल सोडा. मान गोल गोल फिरवू नका.
• त्याच वेळी दोन्ही पायांचे पंजे वर-खाली २० वेळा करा.
• जेवण झाले की टेबल मिटवा. सीटबेल्टचा दिवा बंद असेल तर दर एक-दोन तासांनी उठून फेरी मारा.
• विमानातली हवा कोरडी असते. पाणी पीत राहा आणि डोळ्यांची उघडझाप करा. हृदय किंवा किडनीच्या आजारासाठी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेवढेच प्या.
• चहा-कॉफी टेबलावर असताना टॅबलेट बाजूला घ्या. धक्का बसला तर मांडीवर भाजते, लहान मुलांना विशेषतः.
• टेबलावर अनेकांचे हात लागलेले असतात. ते पुसून घ्या, खाण्याची वस्तू थेट त्यावर ठेवू नका आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवा.

नागपूर विमानतळापर्यंतचा रस्ताही हिशेबात धरा. भंडाऱ्याहून गाडीत दीड तास मान खाली घालून मोबाइल पाहिला असेल, तर विमानात बसण्याआधीच मान थकलेली असते.

मोबाइल सीटच्या फटीत पडला तर

टेबलावर नुसता ठेवलेला मोबाइल पुष्कळदा घसरून सीटच्या सांध्यात जातो. अशा वेळी सीट पुढे-मागे करू नका. सीटच्या यंत्रणेत चिरडली गेली तर लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. जागेवर थांबा आणि कर्मचाऱ्यांना बोलवा. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच न्यायची असते. विमानात ती वापरण्यावर अनेक कंपन्यांनी बंदी घातली आहे, म्हणून आधी विचारा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

प्रवासानंतरची साधी मानदुखी दोन-चार दिवसांत शेकाने, हलक्या हालचालींनी आणि थोड्या विश्रांतीने बरी होते. पण पुढील लक्षणे असतील तर थांबू नका.

• हातातली ताकद कमी होणे, वस्तू हातून सुटणे, शर्टाची बटणे लावता न येणे
• चालताना तोल जाणे, पाय जड वाटणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे
• मानदुखीसोबत ताप आणि मान ताठ होणे
• एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे, गरम लागणे. हे प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत होऊ शकते.

अचानक दम लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, किंवा छातीतून जबड्याकडे अथवा डाव्या हाताकडे जाणारी कळ आणि घाम, ही तातडीची लक्षणे आहेत. "मान अवघडली असेल" म्हणून बाम लावून बसू नका. विमानात असाल तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगा, घरी असाल तर १०८ वर फोन करा. डॉक्टरांना भेटल्यावर प्रवास कधी केला आणि किती तास बसून होता, हे न विचारताही सांगा. निदानासाठी ती माहिती फार उपयोगी पडते.

तुमचे आई-वडील पहिल्यांदाच एकटे विमानाने येत असतील, तर तिकीट आणि औषधांच्या चिठ्ठीसोबत त्यांना या तीन गोष्टीही सांगून ठेवा: मोबाइल वर धरा, जेवण झाले की टेबल मिटवा, आणि मधूनमधून उठा.