सॅक्सोफोनचा सूर कुठवर जातो?

जॅझ म्हटलं की आपल्या होस्टेलवर दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "ते हॉटेलात वाजतं ते?" आणि दुसरी, "बंद कर यार, झोप येते!" मित्रांनो, मी ज्या अल्बमबद्दल लिहितोय त्याला दुसरी प्रतिक्रिया हमखास मिळते. म्हणूनच हा लेखप्रपंच. अल्बमचं नाव 'मेकिंग म्युझिक'.

डिसेंबर १९८६ मध्ये नॉर्वेतल्या ओस्लो शहरातल्या रेनबो स्टुडिओत त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि १९८७ मध्ये म्युनिकच्या ईसीएम कंपनीने तो काढला. अल्बम आपल्या मुंबईत जन्मलेल्या उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांचा. बासरीवर पंडित हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर इंग्लंडचे जॉन मॅक्लॉफ्लिन आणि सॅक्सोफोनवर नॉर्वेचे यान गार्बारेक. बस्स, चौघंच! ड्रम्स नाहीत, कीबोर्ड नाही. तरी ऐकताना वाटतं, आपण एखाद्या मोठ्या मोकळ्या जागेत उभे आहोत. हे कसं होतं, ते इंजिनिअरिंगच्या भाषेत बघू.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १७ मीटरवरच्या भिंतीला आपटून परत यायला त्याला ०.१ सेकंद लागतो. कान या उशिरावरूनच जागेचा अंदाज बांधतो. आवाज बंद केल्यावर तो ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे रिव्हर्ब टाइम, आपल्या शब्दांत घुमारा. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी त्याचं सोपं सूत्र दिलं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले एकूण शोषण.

आपली खोली ३६ घनमीटरची धरा. गाद्या, कपडे, पुस्तकं मिळून शोषण ९ चौरस मीटर धरलं, तर घुमारा ०.६४ सेकंद. सुट्टीत सगळं सामान हललं आणि शोषण २ वर आलं, तर तोच जवळजवळ २.९ सेकंद! रिकाम्या खोलीत टाळी का घुमते, ते कळलं ना?

स्टुडिओत हा घुमारा माइक लांब ठेवून किंवा यंत्राने देता येतो. ईसीएमच्या रेकॉर्ड अशा मोकळ्या आवाजासाठीच ओळखल्या जातात. पण खरी गंमत पुढे आहे. घुमाऱ्यात भराभर वाजवलं तर आधीचा सूर विरायच्या आत पुढचा येतो आणि सगळा चिखल होतो. म्हणून गार्बारेक मोजके, लांब सूर लावतात आणि थांबतात. त्या थांबण्यातच जागा ऐकू येते. म्हणजे यंत्र फक्त भिंती उभ्या करतं, त्यात मोकळी जागा ठेवणं वाजवणाऱ्याच्या हातात!

मी भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याचा. माझे मामाजी लग्नात सनई वाजवायचे. डीजे आले आणि बोलावणी कमी होत गेली. सनई आणि सॅक्सोफोन तसे चुलतभाऊच: दोघांत पत्ती थरथरते, दोघांची नळी पुढे रुंद होत जाते. फरक इतकाच की सनईला पत्ती दुहेरी, सॅक्सोफोनला एकेरी. दिवाळीत मामाजींना हा अल्बम ऐकवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा माणूस सूर सोडते, अन् मंग वाट पायते, का तो कुठवर जाते." सॅबिनचं सूत्र न शिकलेल्या माणसाने अख्खा अल्बम एका वाक्यात सांगितला! धानाच्या बांध्यांवरून पलीकडच्या गावापर्यंत सूर पोचवणाऱ्याला ते कळणारच. डीजेच्या भिंतीपुढे उभं राहिलं की छाती हादरते, पण सूर कुठवर गेला ते विचारायला जागाच उरत नाही.

तेव्हा एकदा ऐकाच. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात डग्ग्याचा खर्ज येतच नाही. रात्री मेस उरकल्यावर, पंखा बंद करून, चांगले इअरफोन लावून ऐका. आणि झोप लागलीच, तर निदान सूर विरेपर्यंत तरी जागे राहा!