राखीव तीस मिनिटं

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. मग जाताना तासभर जास्त का लागतो, हे विचारायला मी मुंबई विमानतळाजवळच्या सहारमधल्या एका ऑफिसात गेले आणि विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवणाऱ्या फ्लाइट डिस्पॅचरच्या टेबलाशी अख्खी रात्रपाळी बसून राहिले.

"ते ७,२०० विसरा. त्या रेघेवरून आमचं विमान जातच नाही," ते म्हणाले आणि पडद्यावर सरळ रेघ ओढून दाखवली. कराचीच्या डोक्यावरून निघून इराण, कॉकेशस, काळा समुद्र ओलांडत ती युक्रेनवर पोचली. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना एप्रिल २०२५ मध्ये बंद केलं. म्हणून रेघ वाकवायची: अरबी समुद्र, आखात, तुर्कस्तान.

शिवाय वारा समोरून. त्या उंचीवर तो पश्चिमेकडून येतो आणि हिवाळ्यात ताशी दीडशे किलोमीटर सहज ओलांडतो. परतीला तोच पाठीशी असतो. २०१६ मध्ये याच पाठीशी असणाऱ्या वाऱ्यासाठी एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटला.

त्या रात्रीच्या लंडनच्या विमानासाठी हवामानाचे नकाशे, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, पर्यायी विमानतळ हे सगळं त्यांनी भराभर उरकलं. इंधनाच्या रकान्यांशी मात्र त्यांचा हात मंदावला. प्रवासाचं इंधन, वाटेतल्या अडचणींसाठी थोडं, पर्यायी विमानतळ गाठण्यापुरतं, आणि सगळ्यात शेवटी तीस मिनिटं. म्हणजे पंधराशे फुटांवर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. हे वापरायचं नसतं. त्याला हात लागणार असं दिसताच कॅप्टननं 'मेडे फ्युएल' पुकारायचं, असा नियम आहे.

मध्यरात्रीनंतर वाऱ्याचा नवा अंदाज आला. समोरचा जोर वाढला होता. त्यांनी गणित पुन्हा मांडलं. इंधन वाढवलं की वजन वाढतं, आणि ते वजन वाहायला पुन्हा इंधन लागतं. विमान वजनाच्या मर्यादेला टेकलेलं. फोन वाजला, पलीकडचा आवाज चढलेला.

"काही माल उतरवावा लागेल, साहेब. नाही, तीस मिनिटं तीसच राहतील."

फोन ठेवून त्यांनी किलोंचे आकडे बोट ठेवून, ओठ हलवत पुन्हा वाचले. कॅप्टन आणखी इंधन मागू शकतो. त्या तीस मिनिटांतून काढून घेण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

विमान उशिरा सुटलं. प्रवाशांना 'तांत्रिक कारण' एवढंच सांगितलं गेलं. विमान कंपन्यांनी ही सवय सोडावी. वारा बदलला, इंधन वाढवलं, माल उतरवला, असं सरळ सांगावं. प्रवाशांना ते कळतं, आणि रात्रभर बसून त्यांची काळजी वाहणाऱ्या माणसाचं काम त्यांच्यापर्यंत पोचायलाच हवं.