जळाला तो गुन्हेगार नव्हे

गेल्या पावसाळ्यात चाळीसगावहून परतताना कन्नडचा औट्रम घाट चढत होतो. शेजारी ही, मागे नात झोपलेली. बाहेर धो धो पाऊस. तेवढ्यात डॅशबोर्डच्या आतला पंखा, ज्याला गॅरेजवाले ब्लोअर म्हणतात, तो एक आचका देऊन बंद पडला. बघता बघता पुढची काच वाफेने पांढरी झाली. मी खिडक्या उघडल्या, ही पदराने काच पुसत राहिली आणि समोरच्या दिव्यांचा अंदाज घेत आम्ही कसेबसे वर आलो. ज्याला मी चैनीची वस्तू समजत होतो, तो पंखा वायपरचा सख्खा भाऊ आहे, हे त्या दिवशी कळलं.

दोष माझाच. पंखा तीन महिन्यांपासून कुरकुरत होता. चारपैकी पहिले तीन वेग बंद, फक्त चौथा चालू. एका गॅरेजमध्ये रेझिस्टर बदलला. दीड महिन्यात तो जळाला. दुसरा बसवला, तोही जळाला. 'चौथ्यावर चालतोय ना?' म्हणत मी गाडी हाकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शहागंजात, घड्याळाच्या टॉवरमागच्या गल्लीत एका वयस्क इलेक्ट्रिक मिस्त्रीकडे गेलो. चाचांनी पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. बंद पडण्याआधी चिवचिव आवाज यायचा का? जळका वास? हवा कमी झाली होती का? तिन्हींची उत्तरं 'हो' होती.

मग डाव्या सीटसमोरचा कप्पा काढून त्यांनी मोटारीच्या पिनांना बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावला. चौथ्या वेगावर दिवा लागला. म्हणजे वीज पोचतेय, मोटारच फिरत नाही. दिवा लागला नसता, तर मागे मागे जात बटण, रिले, फ्यूज तपासायचे.

जळका रेझिस्टर हातात घेऊन चाचा म्हणाले, "साब, ये तो जल गया बिचारा. जलाया किसने, वो ढूंडना पडता."

गोष्ट अशी असते. पहिल्या तीन वेगांना वीज रेझिस्टरच्या वेटोळ्यांतून जाते, तिथे अडते, म्हणून पंखा हळू फिरतो. चौथ्याला ती ही वाट सोडून थेट मोटारीकडे जाते. तेव्हा फक्त चौथा वेग चालणं, हे रेझिस्टर गेल्याचं लक्षण. आधीच्या गॅरेजचं निदान इथवर बरोबरच होतं. पण रेझिस्टर तापतो, म्हणून त्याला पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेलं असतं. माझ्या गाडीत फिल्टर धुळीने आणि लिंबाच्या पाल्याने गच्च भरलेला. वारा नाही. त्यात मोटारीचं बुश कोरडं पडल्याने ती जड झाली होती, जास्त वीज ओढत होती. तारांच्या जोडाचं प्लॅस्टिकही वितळलेलं. नवा रेझिस्टर टिकणार कसा?

चाचांनी मोटार, जोड, फिल्टर आणि रेझिस्टर असं सगळं बदललं. "मोठा फ्यूज टाकून भागेल का?" असं मी सहज विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प बसलो. बँकेत फरक सापडेना म्हणून तो सस्पेन्स खात्यात ढकलणाऱ्याकडे मी असाच पाहत असे. मोठा फ्यूज टाकला, तर फ्यूजऐवजी तार जळते.

परतताना मात्र बँकेतलाच एक प्रसंग छळू लागला. वर्षांपूर्वी एका तरुण क्लार्कच्या लेजरमध्ये दर महिन्याला फरक येई. मी त्याला मेमो दिला, त्याचं टेबल बदललं. पुढे नव्या माणसाच्या काळातही फरक आला, तेव्हा शोधलं. चूक मी स्वतः तपासून सही केलेल्या, पुढे ओढत आणलेल्या बेरजेत होती. बेरीज दुरुस्त केली, मेमो तसाच राहिला.

त्या रात्री नंबर मिळवून त्याला फोन केला. आता तोही निवृत्त झालाय. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "साहेब, मला तेव्हाच माहीत होतं."

वाचकहो, पाऊस सुरू होण्याआधी गाडीचा ब्लोअर चारही वेगांवर चालवून पाहा, फिल्टर काढून झटका. आणि एकच वस्तू पुन्हा पुन्हा जळत असेल, तर तिच्या मागे कोण आहे ते आधी शोधा. कधी कधी तिथे आपणच सापडतो.